दगड दळणारा रोलर आणि आपली मिल



"साहेब, मोळीत लोखंडाचा एवढासा तुकडा गेला तर एवढ्या मोठ्या मिलला काय होतंय?" गटात फिरताना आम्हाला हे पुष्कळदा विचारले जाते. मिल दणकट खरी. पण तिच्याहून दणकट यंत्रे करणारे काय काळजी घेतात ते पाहू.

डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे १८८२ साली एफ. एल. स्मिथ ही कंपनी निघाली. सिमेंट कारखान्यांची यंत्रे पुरवून तिने जगभर नाव कमावले. तिच्याच कामासाठी आपल्या देशात आलेल्या होल्क-लार्सन व टुब्रो या दोन अभियंत्यांनी १९३८ साली मुंबईत लार्सन अँड टुब्रो काढली. मूळ कंपनीने पुढे खाणीच्या यंत्रांवर भर दिला. २०२२ मध्ये जर्मनीच्या थिसेनक्रुपचा खाण-यंत्रांचा धंदाही तिने विकत घेतला.

तांब्याचे किंवा लोखंडाचे खनिज चुरडणारे तिचे एक यंत्र आहे. समोरासमोर दोन अवजड रोलर. एक जागेवर फिरतो, दुसरा तेलाच्या दाबाने त्याच्याकडे रेटला जातो. वरून दगड पडतो, खाली चुरा निघतो. आपल्या मिलचा वरचा रोलरही तेलाच्या दाबाखालीच असतो. फरक इतकाच, की आपण रस काढतो.

त्या रोलरवर टंगस्टन कार्बाइडच्या अतिकठीण खुंट्या बसवलेल्या असतात. पण जे कठीण ते ठिसूळ. दगड चालतो, लोखंडाचा तुकडा सापडला की खुंटी तुटते. म्हणून दगड रोलरकडे नेणाऱ्या पट्ट्यावर लोहचुंबक आणि धातू ओळखणारे उपकरण लावतात.

आपल्या रोलरचे दात तर बिडाचे. मिलपुढे लोहचुंबक असतो, पण उसाच्या थरात खोल दडलेला तुकडा निसटू शकतो. दगड-माती तर चुंबकाला धरताच येत नाही. दात झिजले, तुटले की पकड जाते, रस बगॅसमध्ये राहतो आणि उतारा घसरतो. गाळप थांबले तर तोडलेला ऊस गाडीत वाळतो. वजनही घटते, साखरही. हा खर्च शेवटी आपल्याच ऊसदरातून जातो.

तरी एवढे कराच :

१) तोडणीआधी फडातले दगड, तारा, मोडकी अवजारे वेचून काढा.

२) तोडणी झाली की मुकादमाकडून कोयते मोजून घ्या. एक कमी भरला तर गाडी हलण्याआधी शोधा.

३) मोळी वाढ्यानेच बांधा, तार नको.

४) पाऊस झाला असेल तर चिखल झाडूनच ऊस भरा.

५) कोयता सापडलाच नाही तर लपवू नका. चिटबॉयला गाडी नंबर सांगा, गव्हाणीवर लक्ष ठेवता येते.

दगड दळणारे यंत्र जिथे लोखंडाच्या तुकड्याला जपते, तिथे ऊस पिळणाऱ्या मिलला आपण जपायलाच हवे. मिल आपलीच आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग