विळा, वल्हं आणि एक दंतकथा

ओकिनावाच्या शस्त्रविद्येची गोष्ट जगभरच्या कराटे वर्गांत एकाच साच्यात सांगितली जाते. 1609 मध्ये जपानच्या सात्सुमा प्रांतातल्या सामुरायांनी र्‍युक्यू हे ओकिनावाचं राज्य जिंकलं, हत्यारं काढून घेतली, मग शेतकऱ्यांनी विळा, वल्हं, जात्याचा खुंटा उचलून रात्री गुपचूप सराव केला. गोष्ट चटकदार आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. राजधानी शुरीतल्या किल्ल्याच्या कठड्यावरचा 1509 चा कोरीव लेख पूर्वी सात्सुमाच्याही आधीच्या शस्त्रबंदीचा दाखला म्हणून पुढे केला जाई. अभ्यासक नाकाहारा झेनचू यांनी तो नव्यानं वाचला आणि अर्थ उलटाच निघाला. देशरक्षणासाठी तलवारी आणि धनुष्यं साठवल्याची राजाची ती बढाई होती.

शिवाय साई हे शस्त्रच बघा. मधे लांब दांडी, दोन्ही बाजूंना आखूड काटे, सगळं लोखंडाचं. दांडी मनगटापासून कोपरापर्यंत हाताला चिकटवून धरायची, अंगठा काट्याच्या बेचक्यात, तर्जनी मुठीवर. मनगटाचा एक झटका दिला की दांडी फिरून समोर येते. शेतातलं एकही काम या वस्तूनं होत नाही. लोखंड बाहेरून आणावं लागणाऱ्या बेटावर ती राज्याच्या शिपायांकडे असे, आरोपी पकडायला आणि गर्दी हटवायला. काठीच्या ‘काता’, म्हणजे ठरीव हालचालींच्या मालिका, साकुगावा आणि सोएइशी यांच्या नावानं चालतात. दोघेही शुरीच्या अंमलदार वर्गातले.

यावर आक्षेप येतो की विळा आणि वल्हं तर खेड्यातलीच. खरं आहे. त्सुकेन, हामाहिगा या छोट्या बेटांची नावंही कातांना चिकटलेली आहेत, त्यामुळे गावकऱ्यांचा वाटा नाकारता येत नाही. पण अवजार कुणाचं आणि त्यावरचं शिक्षण कुणी रचलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वर्षानुवर्षं एकच काता घोटायला फुरसत लागते, शिकवणारा लागतो, आणि ती दोन्ही दिवसभर उसाच्या शेतात राबणाऱ्याला सहज मिळणारी नव्हेत.

शिकवणाऱ्याचं महत्त्व ताइरा शिन्केन यांच्या आयुष्यात दिसतं. 1897 मध्ये कुमेजिमा बेटावर जन्म. खाणकामात पायाला झालेली दुखापत जन्मभर राहिली. कराटे त्यांना फुनाकोशी गिचिन यांनी शिकवलं, शस्त्रं याबिकू मोदेन यांनी, तीही ओकिनावात नव्हे, तर जपानच्या मुख्य भूमीवर. 1945 च्या ओकिनावाच्या लढाईत तिथल्या लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा गेला. त्यानंतर 1955 मध्ये ताइरांनी या विद्येच्या जतनासाठी संस्था काढली. आठ प्रकारच्या शस्त्रांच्या चाळीसहून अधिक काता त्यांच्या शिकवणीत आल्या.

मग ही परंपरा विसाव्या शतकात जुळवलेली, म्हणून बनावट म्हणायची का? तसं म्हणणाऱ्यांना जतन आणि निर्मिती यांतला फरक कळलेला नाही. ताइरांनी विखुरलेल्या काता एकत्र केल्या, पण साकुगावाची काठी साकुगावाच्याच नावावर ठेवली.