‘५० वर्षं जुनं, एकदम नवीन!’ : जुन्या घड्याळाची ऑनलाइन जाहिरात वाचताना
‘व्हिंटेज, रेअर, एकदम नवीन’ असं लिहिलंय आणि फोटोत लालभडक, चकाचक डायल दिसतोय? मग बहुधा तो पुन्हा रंगवून छापलेला आहे. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. (आपल्या मुंबईचं नाव कशा-कशाला चिकटतं बघा.) फोटो झूम करा. अक्षरं जाडीबारीक, रेघा तिरक्या, नाव मधोमध नाही, असं काही दिसलं की समजून जा.

‘१७ ज्वेल्स’ वाचून हुरळू नका. झीज कमी करायला बसवलेले ते कृत्रिम माणकाचे खडे. सोनार त्यांना विचारणार नाही. ‘१९५० चं एचएमटी’ हा तर विनोदच, कारण एचएमटीची घड्याळं सुरू झाली १९६१ मध्ये, जपानच्या सिटिझनच्या मदतीने. आणि जुन्या ‘वॉटरप्रूफ’वर विसंबून तारकर्लीच्या समुद्रात उतरू नका, आतलं रबर कधीच कडक झालेलं असतं.

बोली लावण्याआधी मागचं झाकण उघडून काढलेला फोटो मागा. टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

मालवणात कुणा चाकरमान्याने मुंबईहून आणलेलं घड्याळ घरच्या पेटीत असेल, तर खाऱ्या हवेने डायलवर डाग पडलेच असणार. दुरुस्तीला देताना ‘डायल रंगवू नका’ एवढं आधी सांगा. संग्राहक तो डागाळलेला मूळ डायलच शोधत असतात.