झरीत वाचनाचं यंत्र येतं तेव्हा

छापील पुस्तक की किंडल, हा वाद शहरात भरलेल्या कपाटासमोर रंगतो. तलासरी तालुक्यातल्या झरीत तो तसाच उचलून नेता येत नाही. इथल्या वारली माणसाची कागदाशी पहिली गाठ पडली ती सावकाराच्या वहीत आणि जमिनीच्या दस्तावर. लिहिणारा दुसरा, वाचणारा दुसरा. ह्याच्याकडे फक्त अंगठा.

झरीची सभा झाली ती 23 मे 1945 रोजी. तेव्हा हा भाग उंबरगाव तालुक्यात होता. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या हाकेला ओ देऊन सुमारे 5,000 वारली जमले आणि त्यांनी ठरवलं: रोजचे 12 आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या जमिनीवर पाऊल टाकायचं नाही, वेठ करायची नाही. लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी मालकाकडे राबायचं, अशी लग्नगड्याची प्रथा तेव्हा होती. किती फिटलं, किती उरलं, हे त्यांना वाचताच येत नव्हतं. गोदावरीबाईंनी हा सगळा लढा पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिला.

त्याच 1945 साली जवळच्या बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर बिया, पानं, शंख-शिंपले हेच शिक्षणाचं साहित्य झालं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, म्हणून शाळाच कुरणावर गेली. साधन मुलाच्या आयुष्यातून निवडायचं, ही त्यांची कसोटी मला आजही खरी वाटते. टॅबलेटलाही तीच लावावी.

सरकारी कागद मात्र कधीच पडद्यावर गेला. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तलाठ्याकडची खेप वाचली, ही मोठी सोय. पण इतर हक्काच्या रकान्यात काय नोंदलंय हे ज्याला उमगत नाही, त्याचं परावलंबन फक्त सेतू केंद्रापर्यंत सरकलं.

शाळेचीही तीच गत. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, दीक्षा ॲप आलं. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा पुस्तकं पीडीएफमध्ये होतीच. पण घरात फोन एक, आणि तोही कमावत्या माणसाबरोबर वापीच्या कारखान्यात किंवा डहाणूच्या चिकूवाडीत गेलेला. पाचवीतल्या मुलीच्या हाती उरलं ते छापील पाठ्यपुस्तक, आणि त्याला रेंज लागत नव्हती.

तरीही यंत्राला विरोध करणं मला पटत नाही. ई-इंकचा पडदा पान उलटतानाच वीज खातो. एकदा चार्ज केला की आठवडे चालतो, इंटरनेटवाचून शेकडो पुस्तकं बाळगतो. किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर आली 2016 च्या अखेरीस. पाड्यावरच्या शाळेला याहून सोयीचं ग्रंथालय कुठलं? अट एवढीच, की यंत्र शाळेच्या मालकीचं असावं, मुलांना आळीपाळीनं घरी नेता यावं, आणि पाठ्यपुस्तक काढून घेऊन त्याच्या जागी ते येऊ नये.

आणखी एक काम साध्या मोबाइलवरही होईल. घरी वारली आणि शाळेत प्रमाण मराठी, या दोहोंमध्ये पहिलीतलं मूल अडखळतं. आजीची गोष्ट तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून, देवनागरीत उतरवून वर्गात वाचायला द्यावी. लिहून घेण्याचं काम सातवी-आठवीच्या मुलांनीच करावं, आणि चुका आजीनं सांगाव्यात.