पदवीचा अलंकार आणि स्त्रीधन

कन्या पदवीधर झाली म्हणजे तिला सोन्याच्या पाटल्या वा कुड्या देण्याची चाल काही कुटुंबांत आढळते. या दानाचे निमित्त विवाह नसून विद्या होय. मनुस्मृतीतील षड्विध स्त्रीधनापैकी अध्यग्नी व अध्यावाहनिक हे प्रकार विवाहाशी निगडित आहेत. माता, पिता व बंधू यांनी दिलेले धन मात्र स्वतंत्रपणे गणले आहे. पदवीचा अलंकार याच वर्गात पडतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ अन्वये विवाहापूर्वी मिळालेल्या दानावरही हिंदू स्त्रीची पूर्ण मालकी असते. सासरी सुपूर्द केल्याने स्त्रीधन संयुक्त मालकीचे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. सबब हा दागिना लग्नाच्या दागिन्यांत मिसळून धरू नये. त्याची पावती कन्येच्याच नावे असावी.