हळदीचा फोटो, रद्दीचा पूल

"आई, बोअर होतंय!" सुट्टी लागून आठवडा होत नाही तोच कुपवाडमधल्या घराघरांत हे वाक्य ऐकू येतं. मग एकतर मोबाइल हातात दिला जातो, नाहीतर दुकानातून चार-पाचशे रुपयांचं क्राफ्ट किट येतं आणि तासाभरात संपतं. खरं तर आपल्या भागात कलाकुसरीचं सामान पावलोपावली पडलंय. सांगलीची हळद, कृष्णाकाठची काळी माती, द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या, सायकलच्या दुकानातली व्हॉल्वट्यूब. शिवाय यातल्या प्रत्येक वस्तूमागे एक भन्नाट गोष्ट आहे. मुलांना नुसतं 'हे कर' म्हटलं की ती कंटाळतात. गोष्ट सांगत सांगत सोबत बसलं की उठायला तयार नसतात.

हळदीनं फोटो निघतो

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला ही हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची रीत होती. २००५ च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं खराब केली. हे आजी-आजोबांकडून मुलांच्या कानावर आलेलं असतं. पण त्याच हळदीनं कॅमेऱ्याशिवाय फोटो काढता येतो, हे आजोबांनाही नवं असेल.

वाटीत चमचाभर हळद घ्या आणि तीन-चार चमचे सर्जिकल स्पिरिट किंवा पाण्यासारखं पातळ सॅनिटायझर घाला. हे काम मोठ्यांनी करायचं आणि गॅसपासून लांब बसून. गाळ खाली बसला की वरचं गडद पिवळं पाणी ब्रशनं ड्रॉइंग पेपरवर लावा. कागद सावलीत वाळवा. इथं घाई केली तर सगळं फसतं. वाळल्यावर त्यावर शेवग्याची डहाळी किंवा पपईचं कोवळं पान ठेवा, वर जुन्या फोटोफ्रेमची काच दाबा आणि गच्चीवर उन्हात ठेवून द्या. एप्रिलचं ऊन असेल तर दोन-चार तास पुरतात. पान उचललं की खाली पानाचाच हुबेहूब ठसा दिसतो: त्याच्याखालचा कागद पिवळाधमक, आजूबाजूचा फिका. हळदीला पिवळेपणा देणारं कर्क्युमिन उन्हानं विरून जातं आणि पानानं झाकलेल्या जागी तेवढं शिल्लक राहतं. आता त्यावर खायच्या सोड्याचं पाणी ब्रशनं हलकेच फिरवा. पिवळं पान बघता बघता विटकरी होतं. त्या क्षणी मुलांचे चेहरे बघायला विसरू नका.

फुलापानांच्या रसानं असे फोटो काढण्याचे प्रयोग इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यांचीही अडचण तीच होती, जी आपली असेल: फोटो उजेडात राहिला की हळूहळू उडतो. म्हणून तो भिंतीवर न लावता वहीत ठेवावा. डाळीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो आणि धुऊन उन्हात घातला की नाहीसा का होतो, याचंही उत्तर घरबसल्या मिळालं.

ऊन नसेल तर गुप्त संदेश करा. हळद लावलेल्या कागदावर साबणाच्या पाण्यानं काहीही लिहा, अक्षरं लाल उमटतात. वरून लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. पूर्वी घरोघरी कुंकू व्हायचं ते हळदीच्या याच गुणावर, फक्त साबणाच्या जागी चुन्याची निवळी नाहीतर पापडखार असायचा.

टोपीचं अस्तर, द्राक्षांची पेटी, आयर्विन पूल

तासगावच्या द्राक्षांची रिकामी पेटी कुठल्याही फळवाल्याकडे मिळते. तिच्या पुठ्ठ्याची कड मुलांना नीट बघायला सांगा. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद दिसेल. या नागमोडी कागदाचं पहिलं पेटंट इंग्लंडमध्ये १८५६ साली घेतलं गेलं आणि ते पेटीसाठी नव्हतंच! साहेबांच्या उंच टोप्यांना आतून अस्तर लावायला तो कागद होता. पेट्यांचा विचार बऱ्याच वर्षांनी आला.

घडीनं कागदाला ताकद कशी येते ते एका वापरलेल्या कागदात कळतं. दोन पुस्तकं वीतभर अंतरावर ठेवा आणि वर कागद आडवा टाका. एक नाणं ठेवलं तरी तो खाली बसतो. मग तोच कागद पंख्यासारखा बारीक घड्या घालून ठेवा आणि वर स्टीलची छोटी वाटी ठेवून त्यात एकेक नाणं टाकत जा. किती नाण्यांना पूल कोसळतो याच्या पैजा लागतात. घरात दोन मुलं असतील तर दुपार गेलीच म्हणून समजा. पैज संपली की मुलांना सांगलीला आयर्विन पुलावर घेऊन जा. १९२९ पासून तो कृष्णेवर उभा आहे, पण त्याची ताकद दगडी कमानींत आहे. घरी येऊन कागदाची कमान करून बघायची की नाही, हे मुलं आपणच ठरवतील.

काडी आणि व्हॉल्वट्यूब

आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ च्या सुमारास मध्य प्रदेशात होशंगाबादच्या गावांमध्ये मुलांना विज्ञान शिकवण्याचं काम चाललं होतं, तिथं ते गेले. गावच्या बाजारात स्वस्तात काय मिळतं ते बघता बघता त्यांना आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्वट्यूब सापडली. ट्यूबचे बारीक तुकडे हे सांधे, काड्या ह्या तुळया. पुढं पुण्यात आयुका या संशोधन संस्थेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

काड्यांचं गूल आधी काढून टाका. मग तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि चार काड्यांचा चौकोन. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण तसूभर हलत नाही. रेल्वेचे लोखंडी पूल, विजेचे मनोरे, एमआयडीसीतल्या शेडची छपरं यांत त्रिकोणच त्रिकोण का असतात, ते मुलाला बोटांनी कळतं. माझ्या मते या यादीतलं हे सगळ्यात मोलाचं खेळणं आहे, आणि सगळ्यात स्वस्तही.

बुटांच्या खोक्यातली जवारी

मिरजेत तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार मंडळींनी वाद्यं करायला घेतली, त्याला दीडशे वर्षांवर काळ लोटला. आज देशभरातले गवई तिथला तंबोरा मागवतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे वाळवून, कापून, घासून त्यांची सतार होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

घरी भोपळ्याचं काम बुटांचं खोकं करतं. झाकणाला मोठं भोक पाडा, त्यावरून चार-पाच रबरबँड ताणून बसवा आणि रबरांखाली आडवी पेन्सिल सरकवा. ही झाली घोडी. रबर जितकं ताणलेलं, तितका सूर वर. खोकं काढून तेच रबर नुसतं हवेत ताणून छेडा. आवाज केवढासा येतो ते ऐका. भोपळा कशाला हवा, हे सांगावं लागत नाही.

आता खरी मजा. तंबोऱ्याच्या तारेखाली, घोडीवर, कारागीर सुताचा बारीक दोरा सरकवतात. तो अगदी नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, झंकारत राहते. त्यालाच जवारी लागली म्हणतात. आपल्या खोक्यावर कागदाची चिंचोळी पट्टी रबराला नुसती टेकेल अशी, पेन्सिलीजवळ धरा आणि रबर छेडा. आवाजात एक भुणभुण येते. पट्टी केसभर मागेपुढे केली की ती जाते, पुन्हा येते. मुलं यात कितीतरी वेळ रमतात. मिरजेच्या कारागिराचंही निम्मं आयुष्य याच केसभराच्या अंतरात जातं.

बैल मातीचा, माती पिठाची

आपल्याकडे बेंदूर दोनदा येतो: ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी, आषाढात महाराष्ट्रीय. सीमेवर राहण्याचा हा फायदाच. बाजारातली तयार जोडी आणण्याआधी एकदा मुलांच्या हातून बैल होऊ द्या. माती मळून खडे काढा. पाय, शिंगं, वशिंड नुसती दाबून चिकटवली तर वाळल्यावर निखळतात. दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल लावायचा. आणि बैल सावलीत वाळवायचा, कारण उन्हात वरचा थर आधी आक्रसतो, आतला ओलाच राहतो आणि बैलाला तडा जातो. बैलाचे पाय बुटके झाले, शेपूट जाड झाली तरी आपण हात लावायचा नाही. पूजेला तोच बैल मांडा.

फ्लॅटमध्ये माती नको वाटत असेल तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी. पाणी बेताबेतानं घाला. मिठामुळं हे पीठ लवकर खराब होत नाही आणि वाळलं की टणक होतं. जगभर विकला जाणारा प्ले-डोही पिठामिठाचाच, आणि तो जन्मला खेळण्यासाठी नव्हे! अमेरिकेत सिनसिनाटीची एक कंपनी भिंतींच्या वॉलपेपरवरची कोळशाची काजळी टिपायला हा गोळा विकायची. घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या गेल्या तसा तिचा धंदा बसत चालला. तेवढ्यात मालकाच्या नात्यातल्या एका बालवाडीच्या बाईंनी तो गोळा मुलांच्या हातात दिला, आणि १९५६ पासून तो खेळणं म्हणून विकला जाऊ लागला.

बैल रंगवताना एखादा मुलगा लाल आणि हिरव्यात सारखा गोंधळत असेल तर त्याला रागावू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मुलींपेक्षा मुलांमध्ये हा दोष बराच जास्त आढळतो. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेलेल्या एका तरुणाला रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते शिक्षण सोडावं लागलं. मग तो यंत्रांच्या आरेखनाकडे वळला. त्यांचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर. १९१० मध्ये त्यांनी आपल्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली.

ठिपके आणि कॉम्प्युटर

दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीची बहीण म्हणजे तमिळनाडूचा कोलम. १९७० च्या दशकात चेन्नईतल्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलमच्या वळणांचे नियम लिहून काढले आणि त्यावर कॉम्प्युटरशास्त्रात शोधनिबंध केले. पाच ओळींत पाच-पाच ठिपके मांडा. हात न उचलता एकाच रेघेनं सगळ्या ठिपक्यांना वळसा घालून परत सुरुवातीला यायचं. रंग हवा असेल तर जाड मीठ कागदावर पसरून त्यावर रंगीत खडू घोळवा, मीठ रंगतं.

अळीवाचा गड

दिवाळीच्या किल्ल्यावर मोहरी टाकली तर उतारावरून घरंगळून तळाशी गोळा होते. अळीव भिजला की त्याच्याभोवती बुळबुळीत, चिकट थर येतो आणि तो उभ्या कड्यालाही धरून राहतो. म्हणून कड्यांवर अळीव, सपाटीवर मोहरी. दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी पेरलं की नरकचतुर्दशीला गड हिरवागार. रोपं उजेडाच्या बाजूला वाकतात, तेव्हा किल्ला पाटावर केला असेल तर रोज थोडा फिरवा.

मोज्यांचं सीतास्वयंवर

दिवाळीच्या मागेपुढेच ५ नोव्हेंबर येतो. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणलं, म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. पुढं शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्या जुन्या बाहुल्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या.

जोडी हरवलेले मोजे प्रत्येक घरात असतात. बोटांच्या टोकाला बटणांचे डोळे, आत लाल कापडाची जीभ, लोकरीचे केस. रावणाला दहा तोंडं हवीत तर पुठ्ठ्यावर नऊ काढून मोज्याच्या दोन्ही बाजूंना शिवा. धनुष्य खराट्याच्या काडीचं. मधोमध आधीच थोडी चीर द्या, म्हणजे ते ऐन वेळी मोडेल. दाराच्या चौकटीत आईची जुनी साडी आडवी बांधली की पडदा तयार. संवाद मुलांना लिहू द्या, आणि गल्लीतल्या सगळ्यांना समोर सतरंजीवर बसवून प्रयोग करा. तिकीट एक लिमलेटची गोळी.