दिवाणखान्यातला इंजिनवाला

औद्योगिक क्रांती शिकवताना आपण यंत्रांची नावं पाठ करून घेतो. ती यंत्रं बनवणाऱ्या माणसांना त्या काळी किती मान होता, हे सांगायचं राहूनच जातं. व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या मातीच्या अर्धपुतळ्यांवरून ते छान समजतं. हौशी संग्राहक आजही ते जमवतात.

१८४० च्या दशकात स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांनी 'पॅरियन' काढलं. हे नाव पॅरोस या ग्रीक बेटावरच्या संगमरवरावरून आलं, कारण झिलई न देताही ते तसंच दिसतं. पातळ कालवलेली माती प्लॅस्टरच्या साच्यात ओतायची. साचा पाणी शोषतो, कडेने थर धरतो, मग उरलेली माती ओतून टाकायची. म्हणून पुतळा आतून पोकळ. भट्टीत तो चांगलाच आक्रसतो, त्यामुळे साचा मोठाच करावा लागे. पण एका नमुन्यावरून प्रती कितीतरी! संगमरवर न परवडणाऱ्या घरांत मग राणीच्या, कवींच्या शेजारी इंजिनिअरही येऊन बसले.

वेजवूड कारखान्याने रेल्वेवाल्या जॉर्ज स्टीफन्सनचा पुतळा काढला, शिल्पकार ई. डब्ल्यू. वायन. जॉर्जचे वडील कोळशाच्या खाणीत पंपाच्या इंजिनाची भट्टी पेटती ठेवायचे. स्वतः जॉर्ज १८ वर्षांचा होईपर्यंत निरक्षर होता, पुढे रात्रीच्या शाळेत शिकला.

जाणकार संग्राहक चेहऱ्याआधी पुतळ्याची पाठ बघतो. ओल्या मातीत दाबलेलं कारखान्याचं, शिल्पकाराचं नाव, कधी सालही तिथे सापडतं. खूण नसली की ओळखणं कठीण. कल्ले आणि कोट बहुतेकांचे सारखेच!

वर्गात अशा पुतळ्याचा फोटो नाव झाकून दाखवा आणि विचारा, हा कुणाचा मुलगा असेल?