दगडाला लाकूड आठवतं!

मित्रमैत्रिणींनो, पाण्याची बाटली घेतली? टोपी घेतली? चला तर मग! आज आपल्याला एका दिवसात दोन डोंगर चढायचे आहेत आणि दोन हजार वर्षं मागं जायचं आहे.

पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल पकडायची आणि मळवलीला उतरायचं. रुळांच्या दक्षिणेला डोंगरात आहेत भाज्याची लेणी, उत्तरेला कार्ल्याची. मधे इंद्रायणीचं खोरं. दोन्ही लेणी बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेली. एरवी भिक्खू गावोगाव फिरत. पावसाळ्याचे महिने मात्र एका जागी राहून काढत. त्याला म्हणतात वर्षावास. सह्याद्रीतला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे! तेव्हा डोक्यावर भक्कम छप्पर हवंच. आणि डोंगराएवढं भक्कम छप्पर दुसरं कुठलं?

चढता चढता पायाखालचा काळा कातळ बघून घ्या. हा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस उसळला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा लाव्हा, पुन्हा थर. थालीपिठांची चवड रचावी तसे हे थर एकावर एक बसले आणि त्यांतूनच आपले डोंगर घडले. बेसाल्टचा चांगला थर जाड, कठीण आणि एकसंध असतो. त्यात मोठी पोकळी खोदली तरी छत खाली येत नाही. भारतातली बहुतेक लेणी महाराष्ट्रात का आहेत, याचं एक मोठं कारण तुमच्या पायाखालीच आहे.

आलं भाजे! ही लेणी सुमारे २,२०० वर्षांपूर्वी खोदायला घेतली, म्हणजे आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या लेण्यांमध्ये यांचा नंबर लागतो. समोर जी घोड्याच्या नालेसारखी प्रचंड कमान दिसते आहे, ते चैत्यगृह. चैत्यगृह म्हणजे प्रार्थनेची जागा. आत टोकाला अर्ध्या चेंडूसारखा घुमट आहे, तो स्तूप. भिक्खू आणि भाविक त्याला प्रदक्षिणा घालत.

आता खांबांकडे बघा. आहेत २७, साधे, आठ पैलूंचे. पण त्यांच्यात काहीतरी वेगळं आहे. दिसलं? नाही? मग लेण्याच्या मधोमध उभे राहा आणि दोन्हीकडचे खांब एकदम बघा.

शाब्बास! खांब सरळ उभे नाहीत. ते आतल्या बाजूला कललेले आहेत.

कारागिरांचा ओळंबा चुकला असेल का? एखादा खांब चुकून तिरका झाला असता, तर गोष्ट वेगळी. इथं दोन्ही रांगा आतच कलल्या आहेत. म्हणजे हे मुद्दाम केलेलं आहे. कशासाठी?

घरी एक छोटा प्रयोग करून बघा. जाड कागदाची पट्टी घ्या, ती वाकवून टेबलावर कमानीसारखी उभी करा आणि वरून बोटानं हलकेच दाबा. काय होतं? कमानीचे पाय बाहेर सरकतात! गोल छप्पर आपल्या आधाराला असंच बाहेर ढकलत असतं. आता दोन्ही पायांशी एकेक पुस्तक कमानीकडे थोडं कलतं धरा. कमान थांबली! त्या काळच्या मोठ्या लाकडी इमारतींची छपरं अशीच गोल असत. म्हणून सुतार लाकडी खांब थोडे आत कलते रोवत. छप्पर बाहेर ढकलायचं, खांब आत रेटायचे, आणि घर उभं राहायचं.

पण थांबा. इथं छप्पर कुठं ठेवलेलं आहे? खांब, छत, भिंती, स्तूप, सगळा एकच दगड! वेगवेगळे तुकडे जोडलेलेच नाहीत, तर कोण कुणाला ढकलणार? खांब ताठ कोरले असते तरी काही बिघडलं नसतं. तरीही पाथरवटांनी ते तिरके कोरले. का? कारण 'मोठं सभागृह' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं लाकडी सभागृहच यायचं. खांब असे असतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं होतं. दगडात घर कोरताना हातांना लाकूड आठवत होतं!

आता मान वर करा. छताला बरगड्यांसारख्या कमानदार फासळ्या दिसतात ना? त्या तर दगडाच्याही नाहीत. त्या खऱ्या लाकडाच्या आहेत! डोंगराच्या पोटात, दगडी छताला लाकडी फासळ्या. त्या काय तोलून धरतात? काहीही नाही. छत त्यांच्याशिवायही टिकलं असतं. पण फासळ्यांशिवाय छप्पर त्या काळच्या माणसांना छप्परच वाटलं नसतं.

हे लाकूड नंतर कुणी बसवलं असेल, अशी शंका तुमच्या मनात आली असेल. शंका उत्तम! पण या फासळ्यांवर प्राचीन ब्राह्मी अक्षरं सापडली आहेत. लाकूडही लेण्याइतकंच पुरातन असल्याचा हा भक्कम पुरावा आहे.

मग ते कुजलं कसं नाही? पहिलं कारण, हे सागवान. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात आणि वाळवीला ती मुळीच मानवत नाहीत. दुसरं कारण, ही जागा. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. फासळ्या मात्र उंच छताला आहेत. त्यांना ना जमिनीचा ओलावा, ना पावसाचा मारा, ना थेट ऊन. याच चैत्यगृहाच्या तोंडाशी पूर्वी लाकडी दर्शनी भाग होता. तो उघड्यावर होता, म्हणून नाहीसा झाला. त्याचे वासे ज्यांत बसवले होते, ती भोकं दगडात आजही आहेत. जरूर शोधा!

खाली उतरण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. एक, जवळच दाटीवाटीनं उभे असलेले १४ छोटे स्तूप. ते इथल्या थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या स्मरणार्थ आहेत. दुसरी, कातळात खोदलेली पाण्याची टाकी. एका टाक्यावरचा लेख सांगतो की ते विण्हुदत नावाच्या महारठीनं, म्हणजे सरदारानं, दान दिलं. विण्हुदत म्हणजे विष्णुदत्त! प्राकृतात टाक्याला 'पोढी' म्हणत आणि लेण्याला 'लेण'. पोढी हा शब्द आपण विसरलो, पण लेणं अजून जिभेवर आहे. आपण दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द रोज सहज बोलतो!

चला, आता खोरं ओलांडून कार्ल्याकडे. या पायऱ्यांवर तुम्हाला गर्दी भेटेल, कारण लेण्याच्या अगदी शेजारी एकवीरा आईचं देऊळ आहे. कोळी आणि आगरी कुटुंबं लांबून इथं दर्शनाला येतात.

कार्ल्याचं चैत्यगृह भाज्यापेक्षा दोनेकशे वर्षांनी नवं. बाहेर डावीकडे उंच सिंहस्तंभ आहे, वर चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेले. त्याला नमस्कार करून आत या आणि थोडा वेळ काही बोलू नका. कमानीतून येणारा उजेड खांबांवरून घरंगळत थेट स्तूपापर्यंत कसा पोहोचतो, ते बघा.

हे सभागृह सुमारे ३८ मीटर लांब आहे. क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तर जवळपास तेवढी लांबी होईल. रुंदी सुमारे १४ मीटर, उंचीही तेवढीच. म्हणजे चार मजली इमारत आत मावेल! खांब मोजा. दोन्ही बाजूंना १५-१५ आणि स्तूपामागं ७. एकूण ३७. बाजूच्या खांबांना खाली कलश आणि वर गुडघे टेकून बसलेले हत्ती, त्यांच्यावर माणसांच्या जोड्या.

आणि हे खांब कसे उभे आहेत? ताठ! आत कललेले नाहीत. दोनशे वर्षांत पाथरवटांच्या पिढ्यांना दगडाचा भरवसा आला. दगडाला लाकडाचे नियम पाळावे लागत नाहीत, हे हातांना उमगलं. पण वर बघा, लाकडी फासळ्या इथंही आहेतच! स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडाचीच. आठवण अशी एकदम जात नाही.

आता थोडं गणित. कोपरे, खांब, स्तूप वगळून इथून ढोबळमानानं ५,००० घनमीटर दगड निघाला असं धरू. एक घनमीटर बेसाल्टचं वजन साधारण २.८ टन. गुणाकार करा. १४,००० टन! दहा टनी ट्रकच्या १,४०० खेपा. आणि हे सगळं छिन्नी-हातोड्यानं.

पण मोठी युक्ती अशी की लेणं वरून खाली खोदत. आधी छत पूर्ण करायचं, मग उरलेल्या कातळावर उभं राहून एकेक हात खाली उतरायचं. त्यामुळं छतापर्यंत पोहोचायला उंच परांची बांधावी लागत नाही. मात्र चुकीला माफी नाही. घर बांधताना वीट वाकडी बसली तर काढून पुन्हा लावता येते. इथं एक टवका जास्त उडाला, तर तो परत चिकटवता येत नाही. खांब कुठं येणार, हत्ती कुठं बसणार, हे पहिला घाव घालण्याआधीच ठरलेलं हवं.

पटत नसेल तर घरी कपडे धुण्याच्या साबणाची वडी घ्या आणि चमच्याच्या दांड्यानं त्यात चार खांबांचं छोटं लेणं कोरा. वरून खाली, काहीही न जोडता. पहिल्या प्रयत्नात एखादा खांब तुटेलच. तुटला की कार्ल्याचे ३७ खांब आठवा. निघालेला चुरा कपडे धुवायला वापरा, वाया घालवू नका.

एवढं मोठं काम कुणी करवून घेतलं? बोरघाटातून कोकण आणि देश यांना जोडणारा व्यापारी मार्ग याच भागातून जायचा. व्यापारी, भिक्खू, यवन (म्हणजे ग्रीक), कितीतरी जणांनी एकेक खांब दान दिला आणि खांबावर आपलं नाव कोरवलं. वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा, म्हणजे बड्या व्यापाऱ्याचा, लेख तर म्हणतो की हे शैलगृह अख्ख्या जंबुद्वीपात, म्हणजे भारतात, उत्तम आहे.

पण मला सर्वांत आवडतो तो दाराजवळचा छोटासा लेख. त्यात धेनुकाकट गावच्या एका कारागिराचं नाव आहे. सामी, वेणुवासाचा मुलगा. लेण्याचं दार त्यानं केलं. आणि त्याचा व्यवसाय ठाऊक आहे? 'वढकी', म्हणजे सुतार! दगडाला लाकूड का आठवत होतं, ते आता कळलं ना? लाकूडकाम करणारे हातच या डोंगरात राबत होते.

परतताना भिंतींवर खिळ्यानं ओरखडलेली आणि खडूनं लिहिलेली आजकालची नावंही दिसतील. ती वाचून वाईट वाटतं. सामीनं आधी दार घडवलं, मग त्याचं नाव तिथं आलं. आपण या लेण्यात काहीच घडवलेलं नाही, म्हणून आपलं नाव तिथं नको. तुम्ही जाल तेव्हा भिंतीला नख लावू नका, दुसरा कुणी लावत असेल तर त्याला सामीची गोष्ट सांगा. दोन हजार वर्षं टिकलेलं लाकूड आणि दगड आपल्यानंतरच्या मुलांनाही बघायला मिळायला हवेत.